मुरुडचं अप-डाउन

पुण्यात कुणालाही सांगून बघा, "मी मुरुडचा." समोरचा एकदम खूश! "वॉव! म्हणजे बीच, जंजिरा, सुरमई फ्राय... वीकेंडला घेऊन चल ना यार!" मग मी शांतपणे सांगतो, की बॉस, ते मुरुड वेगळं. आमचं मुरुड लातूर तालुक्यातलं. लातूर-बार्शी रोडवरचं. समुद्र सोडा, आमच्याकडे पाणी बघायला लोक रेल्वे स्टेशनवर गेलेत. ही कोटी नाही. २०१६ साली खरंच असं घडलंय. त्याच्याकडे येऊच.

पण आजचा विषय मुरुडचं स्टेशन. त्यासाठी आधी एक शब्द शिकून घ्या : अप-डाउन. तुम्ही मुंबई-पुण्याचे लोक 'कम्यूट' करता. हिंजवडीला जाणारे तर ते अगदी हुतात्म्याच्या थाटात सांगतात. आमच्याकडे कुणी कम्यूट करत नाही, सगळे 'अप-डाउन' करतात. "नोकरी लातूरला, ऱ्हायला मुरुडला, अप-डाउन करायलाव." शिक्षक अप-डाउन करतात, बँकेतले करतात, कॉलेजची पोरं करतात. लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे अभिमानाने सांगतात, "अप-डाउन आहे त्याचं, घरीच असतो."

हा शब्द थेट रेल्वेतून आलाय. मुंबईकडे जाणारी गाडी 'अप', मुंबईकडून येणारी 'डाउन'. गंमत म्हणजे आज आमच्याकडे अप-डाउन करणारे बहुतेक जण एसटी, काळी-पिवळी नाहीतर टू-व्हीलरवर असतात. शब्द रेल्वेचा राहिला, माणसं रस्त्यावर आली. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल.

एका वेड्या इंजिनिअरचा स्टार्टअप

एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हे नाव तुम्ही कधी ऐकलं नसेल. हा इंग्लिश इंजिनिअर १८८२ मध्ये 'जीआयपी' रेल्वेत नोकरीला भारतात आला. जीआयपी म्हणजे आजची मध्य रेल्वे. नोकरी करता करता त्याच्या डोक्यात एक आयडिया शिरली. मोठी रेल्वे मोठ्या शहरांना जोडते, पण मधल्या बाजारपेठांचं काय? बार्शीसारख्या गावात कापूस आणि तेलबियांचे ढीग लागायचे. तो माल बैलगाड्यांनी मेन लाइनपर्यंत न्यायचा, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडी रुतली की संपलं.

कॅलथ्रॉपचं म्हणणं असं : रूळ अरुंद घ्या, फक्त अडीच फुटांचा गेज. रूळही हलके घ्या, यार्डाला ३० पौंडांचे. पण इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, प्रत्येक आसावर सारखंच वजन पडू द्या, जास्तीत जास्त पाच टन. म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल जाईल. आज कुणी इन्व्हेस्टरसमोर प्रेझेंटेशन देतो ना, तसंच त्याने केलं. १८९५ मध्ये लंडनला 'बार्शी लाइट रेल्वे' कंपनी काढली. लीड्सच्या किटसन कारखान्यात इंजिनं बनवून घेतली, तिथेच ट्रायल घेऊन जाणकारांना दाखवली, आणि १८९७ मध्ये बार्शी रोड म्हणजे आपल्या कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत गाडी सुरू केली.

आयडिया क्लिक झाली. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला गेली, म्हणजे वारकऱ्यांची सोय झाली. १९०७ मध्ये तडवळ्यापर्यंत, १९११ मध्ये लातूरपर्यंत आणि शेवटी १९२७ मध्ये मिरजेपर्यंत. तडवळे ते लातूर या तुकड्यावरच आमचं मुरुड. म्हणजे आमच्या गावाला रेल्वे येऊन शंभरहून जास्त वर्षं झाली. तेव्हा गावात किती घरांमध्ये घड्याळ असेल कोण जाणे, पण गाडीची शिट्टी होती!

अजून एक गॉसिप. हाच कॅलथ्रॉप पुढे पॅराशूटच्या मागे लागला. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉइसमधला रोल्स, १९१० मध्ये विमान अपघातात गेला. त्यानंतर कॅलथ्रॉपने 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट तयार केलं. बार्शीची इंजिनं डोळ्यांसमोर ठेवून त्याने इंग्लंडमध्येही एक लाइन उभारली, लीक अँड मॅनिफोल्ड. ती १९०४ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंद पडली. आता तिथे लोक सायकली चालवतात आणि फिरायला जातात. बार्शीची लाइन मात्र अजून चालू आहे. रूळ बदलले, गेज बदलला, काही ठिकाणी रस्ताही बदलला, पण गाडी येतेच. आता बोला!

तिकीट एक, राज्यं दोन

आज मुरुडहून बार्शीला जाताना काहीच वाटत नाही. फार तर रस्त्यावरच्या खड्ड्यांवरून जिल्हा बदलल्याचं कळतं. पण १९११ मध्ये ही इंटरनॅशनल ट्रिप होती! मुरुड, लातूर, ढोकी हे सगळं निजामाच्या हैदराबाद राज्यात. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. कायदा वेगळा, कारभाराची भाषा वेगळी. इतकंच काय, नाणीही वेगळी. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार रुपया, दोघांचा भाव वेगवेगळा.

या दोन जगांना जोडणारी ही अडीच फुटी लाइन. लातूरची बाजारपेठ मोठी होण्यात तिचा वाटा फार मोठा. माल कुर्डुवाडीला पोचला की मुंबई मोकळी. मालाबरोबर आणखीही काही आलं : पेपर आले, पुस्तकं आली, बाहेरची माणसं आली. आमच्याच लाइनवरच्या कसबे तडवळ्याला १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. निजामाच्या राज्यातलं ते एक खेडं. तिथे तो आवाज पोचला, यावरून अंदाज करा.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं आणि दोन राज्यांची भानगड संपली. १ जानेवारी १९५४ ला सरकारने कंपनीही विकत घेतली आणि आमची 'लाइट' रेल्वे मध्य रेल्वेत सामील झाली. बाय द वे, लोक तिला शेवटपर्यंत 'बार्शी लाइट'च म्हणत राहिले.

अण्णांची नॅरो गेज

माझ्या चुलत आजोबांना आख्खं गाव अण्णा म्हणतं. अण्णांनी लातूरच्या दयानंद कॉलेजात शिक्षण घेतलं. कॉलेज १९६१ ला निघालं, त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. तेव्हा त्यांचं अप-डाउन नॅरो गेजने असायचं.

त्यांना गाडीबद्दल विचारलं की ते खुलतात. "अरं, गाडी कसली, चालती-बोलती चावडीच होती ती! डब्यात दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या, कोंबड्या, मास्तर लोक, कोर्टाच्या तारखेवाले, सगळे एकत्र. लातूर येईस्तोवर कुणाच्या घरी काय शिजलं ते कळायचं."

"पण अण्णा, लई हळू चालायची ना?"

"हळू चालायची म्हणून तर पोचायची! यायची कधी उशिरा, पण थांबायची सगळीकडं. आता तुमच्या गाड्या येतात टायमाला आन् जातात तशाच."

अण्णांच्या या शेवटच्या वाक्यात या कॉलमचा सगळा मुद्दा आलाय. पण आधी दुसरी बाजूही ऐका. नॅरो गेजला उगाच रोमँटिक करायला नको. येडशीजवळ रामलिंगच्या घाटात ती धापा टाकायची. मुंबईला जायचं तर कुर्डुवाडीला उतरून सामान डोक्यावर घेऊन मोठ्या गाडीकडे पळायचं. मालाचंही तेच : एका गाडीतून उतरवा, दुसरीत चढवा. ट्रक आले तसा व्यापाऱ्यांनी रेल्वेचा नाद सोडला. जग पुढे गेलं आणि आमची गाडी अडीच फुटातच राहिली. ब्रॉडगेज व्हावं म्हणून लातूरकर वर्षानुवर्षं ओरडत होते आणि ते बरोबरच होतं.

रूळ रुंद झाले, आणि?

सप्टेंबर २००७ मध्ये लातूर ते उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि ऑक्टोबर २००८ मध्ये उस्मानाबाद ते कुर्डुवाडी ब्रॉडगेज सुरू झालं. जुनी नॅरो गेज उस्मानाबादला जातच नव्हती. जिल्ह्याचं ठिकाण असून रेल्वे नाही, अशी त्याची अवस्था. नवी लाइन वळवून तिथे नेली. मस्त काम! रात्री लातूरला बसा, झोपा, सकाळी मुंबईत उतरा. माझ्या पिढीच्या निम्म्या नोकऱ्या या गाडीने लावल्यात असं म्हटलं तरी चालेल. पहिला इंटरव्ह्यू, पहिली जॉइनिंग, आईने दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, सगळं रात्रीच्या गाडीतून गेलं.

ही गाडी लोकांना किती जवळची आहे, ते २०१७ मध्ये दिसलं. लातूर-मुंबई एक्स्प्रेस पुढे बिदरपर्यंत वाढवली, तर लातुरात आंदोलन पेटलं. बाहेरच्यांना वाटलं, एवढं काय? शेजारच्या गावाला गाडी मिळाली तर मिळू दे की. पण ज्याने कधी दिवाळीच्या दिवसांत लातूरहून तिकीट काढायचा प्रयत्न केलाय, त्याला विचारा.

आणि आता ती पाण्याची गोष्ट. २०१६ चा उन्हाळा. लातूर शहर कोरडं ठाक. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावायची वेळ आली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली, 'जलदूत'. पहिल्या खेपेला १० वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी. १२ एप्रिलला ती लातूरला पोचली. नंतर ५० वाघिणींची गाडी यायला लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. आता मार्ग बघा : मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, मग धाराशिव आणि मुरुडवरून लातूर. आठवलं काही? ही तर कॅलथ्रॉपची लाइन! ज्या मार्गावरून आमचा कापूस बाहेर गेला, त्याच मार्गाने शंभर वर्षांनी आमच्याकडे पाणी आलं. एवढी लांबलचक गाडी नॅरो गेजवरून कधीच आली नसती. तेव्हा ब्रॉडगेजला नावं ठेवणाऱ्याला मी पहिला अडवीन.

अजून एक माहिती खिशात ठेवा. मध्य रेल्वेचं शंभर टक्के विद्युतीकरण झालं, त्यातला सगळ्यात शेवटचा तुकडा कोणता, माहितीये? औसा रोड ते लातूर रोड, ५२ किलोमीटर, फेब्रुवारी २०२३. औसा रोड हे आमच्या शेजारचंच स्टेशन. मुंबईत विजेवरची पहिली लोकल धावली १९२५ मध्ये. म्हणजे मध्य रेल्वेच्या एका टोकाची वीज दुसऱ्या टोकाला पोचायला ९८ वर्षं लागली. लातूरजवळ हरंगुळला रेल्वेचे डबे बनवायचा कारखाना उभा राहिलाय. तिथला पहिला कोच शेल २५ डिसेंबर २०२० ला तयार झाला. म्हणजे डबे आमच्याकडे बनणार, वीज आमच्याकडे आली, रूळ रुंद झाले.

मग अण्णांची तक्रार काय आहे?

फक्त 'अप'

तक्रार साधी आहे. गाड्या वाढल्या, पण त्या लांब जाणाऱ्या. मुरुडला पॅसेंजर थांबते, पण आमच्या डोळ्यांसमोरून धडधडत निघून जाणाऱ्या गाड्याही आहेतच. लातूरचं जुनं नॅरो गेज स्टेशन भर गावात होतं, उतरलं की चालत कॉलेज, चालत बाजार. नवं स्टेशन गावाबाहेर. म्हणजे उतरल्यावर रिक्षा आलीच. एसटी किंवा काळी-पिवळी थेट चौकात सोडते. तीसेक किलोमीटरच्या प्रवासात माणूस कशाला रेल्वेकडे जाईल?

तुम्ही म्हणाल, रस्त्याने जा, बिघडलं काय? बिघडतं. सांगतो.

माझी एक मावसबहीण हुशार, बारावीला छान मार्क. लातूर म्हणजे 'लातूर पॅटर्न'वालं, क्लासेस आणि कॉलेजांचं शहर. बाहेरगावची हजारो पोरं तिथे खोल्या करून राहतात. पण तिच्या घरी हॉस्टेलचा खर्च परवडणारा नव्हता आणि खोली करून एकटीने राहणं काकांना मान्य नव्हतं. काका म्हणजे तिचे वडील. ते स्वभावाने अजिबात कडक नाहीत. त्यांचं एकच म्हणणं होतं, "संध्याकाळी पोरगी घरी आली पायजे. मग काय बी शिकू दे."

आता या एका वाक्यावर तिचं करिअर उभं. संध्याकाळी घरी आणणारं काय आहे? एसटी चुकली तर काळी-पिवळी, त्यात दहा जणांच्या जागी सोळा जण, अंधार पडलेला. तिने तीन वर्षं काढली, पदवी घेतली. पण तिच्याबरोबर सुरुवात केलेल्या दोघींनी मध्येच सोडलं. कुणी रागावलं नाही, भांडण झालं नाही. नुसतं "रोजचं जमंना" म्हणून घरी बसल्या. वर्षभरात दोघींची लग्नं झाली.

सकाळी जाणारी आणि संध्याकाळी परत आणणारी, हमखास, स्वस्त, दिवे लागलेली गाडी ही शहरातल्या मुलीला गृहीत धरायची गोष्ट वाटते. डोंबिवलीची मुलगी लेडीज डब्यात चढते आणि चर्चगेटपर्यंत नोकरी शोधू शकते, कारण रात्री घरी पोचता येईल हे तिच्या घरच्यांना माहीत असतं. मुरुडच्या मुलीच्या नकाशात लातूरसुद्धा कधीकधी बसत नाही.

लांबच्या गाड्यांनी आम्हा पोरांना पुण्या-मुंबईला नेलं, त्याबद्दल थँक्स. पण आम्ही जे गेलो ते गेलोच. दिवाळीला आणि लग्नाकार्याला येतो, फोटो काढतो, परत जातो. आमचं फक्त 'अप' झालं. जे गावात राहून शिकू इच्छितात, नोकरी करू इच्छितात, दुकान चालवू इच्छितात, त्यांना 'अप' आणि 'डाउन' दोन्ही एकाच दिवशी लागतं. छोट्या स्टेशनचं खरं काम ते आहे. ते झालं तर गावात डॉक्टर टिकतो, मास्तर टिकतो, आणि मुली शिकतात.

भायखळा आणि मुरुड

मुंबईत मी कधी कामाला गेलो की भायखळ्याला मुद्दाम उतरतो. १८५३ पासूनचं स्टेशन, १८९१ मधली दगडी इमारत. तिची सुरेख डागडुजी झाली आणि २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कारही मिळाला. लाकूडकाम, कमानी, ग्रिल्स, बघत राहावं असं. पण मला त्याहून आवडतं ते हे, की तिथे कुणीच ते बघत नसतं! ९.१२ पकडायची असते. वारसा वगैरे ठीक आहे, गाडी किती मिनिटांत आहे ते सांगा. भायखळा जिवंत आहे ते पुरस्कारामुळे नाही, त्या गर्दीमुळे.

मुरुडला युनेस्को येणार नाही. सेल्फी काढावा असं तिथे काही नाही. पण १९११ पासून त्या लाइनवर आमचं नाव आहे, आणि स्टेशनला वारसा म्हणायचं असेल तर आम्हाला पाटी नको, सकाळ-संध्याकाळची सोयीची गाडी हवी. मुरुड-लातूर, वाटेत औसा रोड, हरंगुळ. वीज आहे, रूळ आहेत. विजेवरच्या छोट्या गाड्या जवळच्या गावांना जोडायला देशभर चालतात. हे रॉकेट सायन्स नाही, कॅलथ्रॉपला १८९५ मध्ये कळलेलं सायन्स आहे : मोठ्या गाड्या मोठ्या शहरांना जोडतात, मधल्या गावांचं काय, हा विचार कुणीतरी मुद्दाम करावा लागतो.

पुढच्या लाँग वीकेंडला कोकणातल्या मुरुडला ट्रॅफिकमध्ये पाच तास काढण्याऐवजी आमच्या लाइनवर येऊन बघा. कुर्डुवाडीहून पॅसेंजरच पकडा, एक्स्प्रेस नको. बार्शीला भगवंताचं मंदिर बघा. येडशीला उतरून रामलिंगला जा. पावसाळ्यात गेलात तर मराठवाडा हिरवा नसतो हा गैरसमज तिथेच सोडून याल. ढोकीहून तेर जवळ आहे, गोरोबाकाकांचं गाव. हेच दोन हजार वर्षांपूर्वीचं 'तगर', ज्याचा माल गाड्यांमधून भडोचच्या बंदराकडे जायचा, असं ग्रीक 'पेरिप्लस'मध्ये लिहून ठेवलंय. म्हणजे मालवाहतुकीची आमची परंपरा कॅलथ्रॉपच्याही आधीची!

आणि मुरुडला उतरा. स्टेशनवर कुणीतरी नक्की विचारेल, "कुठले पाव्हणे? कुणाकडं आलाव?" उत्तर द्या, चहा आपोआप येईल. मात्र परतीची गाडी किती वाजता आहे, ते आधीच विचारून ठेवा. तुम्हाला एका दिवसापुरतं विचारावं लागेल. माझ्या मावसबहिणीला ते तीन वर्षं रोज विचारावं लागलं होतं.